धूप दाखवा

दिल्लीला बदली होऊन महिनाच झाला होता. बायकोला तिच्या आईने दिलेल्या पांढऱ्या साडीवर मी वरण सांडलं आणि ती परतायच्या आत उरकावं म्हणून साबण घासला. पिवळा डाग लालभडक झाला.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या ब्लॉकखाली एक म्हातारी इस्त्री करते. ती माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कपड्याकडे बघते आणि डागाशीच बोलते. "अच्छा, हल्दी है तू!" मग मला म्हणाली, "बाबूजी, धोकर धूप दिखा दो, बस."

मी साडी धुतली, देवघरातला धूप पेटवला आणि भक्तिभावाने तिला दाखवला. डाग ढिम्म हलेना. पुन्हा खाली गेलो. साडी हुंगून म्हातारी क्षणभर थबकली, पण हसली नाही. तिने साडी दोरीवर टाकली आणि इस्त्री करता करता, सावली येईल तशी ती उन्हाकडे सरकवत राहिली. दुपार उतरेपर्यंत डाग गेला. "यह धूप," सूर्याकडे बोट दाखवून ती एवढंच म्हणाली.

घरी सगळं कबूल केलं. बायकोने साडी नाकाला लावली.

"हळद उन्हाने गेली. आता हा धुपाचा वास कशाने जातो, तेही त्यांनाच विचारून या."