व्हरांड्यातल्या उघड्या वह्या

धोटे सरांच्या आधी माझी ओळख झाली ती त्यांच्या वह्यांशी. सत्तरच्या दशकात देवळीजवळच्या कपाशी संशोधन केंद्रावर मी रुजू झालो, तेव्हा सर रजेवर होते आणि त्यांच्या निरीक्षणांच्या वह्या व्हरांड्यातल्या टेबलावर सताड उघड्या होत्या. कोणीही यावे, आकडे उतरवून घ्यावेत. अट एकच, चूक दिसली तर समासात लिहून सही करायची. या माणसाला आकडे चोरीला जाण्याची भीती कशी वाटत नाही, याचे मला भारी नवल वाटे. माझी वही मी कुलपात ठेवत असे.

"आकडे का लोणचं आहे, मुरवत ठेवाले?" सर विचारत. मी हसून वेळ मारून नेई. कपाशीच्या पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर माझा पीएच.डी.चा प्रबंध होता आणि तीन हंगामांची मोजणी हीच माझी पुंजी होती.

प्रबंध लिहायला बसलो, तर माझे आकडे सरांच्या निम्मेही भरेनात. किडा तोच, शेतकऱ्याचे वावरही तेच! नाइलाजाने वही टेबलावर ठेवली. सरांनी वावराचे मालक केशवराव यांना बोलावून दोन्ही वह्या वाचून दाखवल्या. सरांच्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ होती. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

"साहेब, तुमी आर्वीच्या गाडीनं अकराले येऊन राह्यले," केशवराव म्हणाले. "तुडतुडे का तुमची वाट पाह्यत बसतीन? उन्हात पानाले हात लावला का उडालेच!"

सर मोजत ते उजाडताना, किडे सुस्त असताना. माझी तीन वर्षे पाण्यात गेली होती. मला रडू आले. सरांचे डोळे मात्र चमकले होते. "थांबा हो. उन्हात किती निसटतात, हे कोणी मोजलंय का? तुमची दुपार अन् माझी सकाळ शेजारी मांडा. फक्त चूक लपवू नका."

प्रबंध झाला, पदवी मिळाली. आभारात मी सरांचे नाव लिहिले. पण त्याच सकाळच्या आकड्यांवरचा त्यांचा स्वतःचा लेख अर्धा लिहून झाला होता आणि माझ्यासाठी त्यांनी तो बाजूला ठेवला, हे मला फार उशिरा, केशवरावांकडून कळले.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. तो अर्धा लेख त्यांनी पुरा करावा आणि या वेळी आकडे मी मोजून द्यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.