आमच्या जुन्या संगणकाची नवी डिस्क

बाळांनो, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर आजोबांना तुमचे चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून रविवारी आपण संगणकावरून बोलतो. पण इथे मालवणात बोलता बोलता वीज जायची. यूपीएस फार वेळ टिकत नसे, आणि वीज आल्यावर संगणक सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात माझा नारळ खवून होई. आजोबा कंटाळून उठत आणि म्हणत, "अगो, तुझो कम्प्युटर जागो होयसर पोरां झोपतली."

दुकानदार म्हणाला, नवाच संगणक घ्या. मी आधी घरी टास्क मॅनेजर उघडून पाहिला. प्रोसेसर आणि मेमरी निवांत होती, जुनी डिस्क मात्र सतत शंभर टक्के गुंतलेली. म्हणजे सगळा संगणक त्या एकटीसाठी खोळंबत होता.

"फक्त डिस्क बदला, जुनीच्या जागी वेगवान एसएसडी बसवा," मी दुकानदाराला सांगितले.

"आजी, एवढ्या जुन्या मशीनवर कशाला खर्च करता?"

"मशीन जुनं आहे, थकलेलं नाही."

त्याने नवी डिस्क बसवून दिली. गेल्या रविवारी बोलताना वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. आजोबा सवयीने चपला शोधू लागले. मी बटण दाबले. त्यांच्या पायात चपला जाण्याआधीच तुम्ही दोघे पुन्हा पडद्यावर होता, धाकटीच्या हातात तेच अर्धे बिस्किट.

"अगो, पोरां अजून थंयच आसत!" म्हणत आजोबा परत बसले.

डिस्क बदलायचे मी एकटीने ठरवले होते, हे त्यांना मी त्या दिवशी दोनदा ऐकवले.