भर दुपारी दिसलेला ग्रह

एखाद्याचा शब्द तुम्ही चारचौघांत खोटा पाडलात आणि पुढे त्याच शब्दावर तिसऱ्याच माणसाची भाकरी अवलंबून राहिली, तर तुम्ही काय कराल?

कुवेतमधल्या मीना अल-अहमदी या तेलाच्या बंदरात मी एका कंत्राटदाराकडे स्टोअरमध्ये कारकून होतो. वय तेवीस. ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त : विज्ञानाची, अंधश्रद्धेविरुद्धची, कामगारांच्या हक्कांची. आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करायचे ते रत्नागिरीकडचे, साठीला आलेले एक मुसलमान गृहस्थ. उभं आयुष्य त्यांनी जहाजांवर रांधण्यात घालवलं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

एकदा संध्याकाळच्या जेवणाला चाचा सांगू लागले. बारा वर्षांपूर्वी त्यांचं जहाज नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला दुरुस्तीसाठी अडकलं. कित्येक आठवडे सूर्य उगवलाच नाही. दुपारी दक्षिणेला जरासं उजळायचं, एवढंच. ज्याला आपण गुरू म्हणतो तो ग्रह भर दुपारी उत्तरेला पाण्याला टेकेल इतका खाली यायचा, पण बुडायचा नाही. पुन्हा वर चढायचा.

मला राहवेना. लांबलचक रात्र ध्रुवावर असते हे मी वाचलं होतं, पण ध्रुवावर बंदर कुठलं? मी एक कांदा उचलला, दिव्यासमोर सरळ धरून फिरवला आणि पृथ्वीवर प्रत्येक गावाला सूर्य रोज दिसतोच, असं व्याख्यान दिलं. सगळी मेस हसली. चाचांनी माझ्या हातातून कांदा काढून घेतला आणि चिरायला बसले. "बगितलंय ते बगितलंय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना नाव पडलं : दुपारचे तारेवाले.

पंधरवड्यानं, अंधार पडल्यावर, धक्क्यावर आमचा एक रंगारी शिडीवरून पडला. पाय मोडला. फोरमन म्हणाला, शिडीवरचा दिवा चालू होता, हा माणूसच बेफिकीर. बेफिकीर ठरला की त्याला मोडक्या पायानिशी मुंबईच्या बोटीत बसवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साक्षीदार एकच. चहाची किटली घेऊन शिडीखाली उभे असलेले चाचा.

चौकशीत टिपणं घ्यायला मीच होतो. चाचा म्हणाले, दिवा बंद होता. कशावरून, असं इंजिनिअर साहेबानं विचारलं.

"शिडीच्या टोकाशी गुरू दिसत होता, साहेब. दिवा असता तर दिसला असता काय?"

फोरमन हसला. "साहेब, याला भर दुपारीसुद्धा तारे दिसतात. विचारा ना या कारकुनाला."

साहेबानं पेनाला टोपण लावलं. रंगाऱ्याचं तिथंच संपलं असतं. मी उठलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ती टिंगल माझी होती, तिचा या साक्षीशी संबंध नाही. संध्याकाळी त्याच वेळी जागेवर चला, दिवा लावून बघा आणि विझवून बघा. साहेबानं घड्याळाकडे पाहिलं आणि नाइलाजानं हो म्हटलं.

संध्याकाळी चाचा त्याच जागी उभे राहिले. पाठीमागे तेल कारखान्याच्या धुराड्यांवर जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळा, समोर समुद्र. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय मास्तर, आज कांदा नाय आणलास?"

दिवा लावला. डोळे दिपले, वर नुसता काळोख. दिवा विझवला. थोड्या वेळानं शिडीच्या टोकाशी गुरू स्पष्ट दिसला. साहेबानं पुन्हा एकदा तसंच करायला लावलं. मग त्यानं चाचांची साक्ष स्वतःच्या हातानं लिहून घेतली. रंगारी इस्पितळातच राहिला, बोटीत नाही.

मला मात्र स्वस्थता नव्हती. दिव्यावरून नॉर्वे काही सिद्ध होत नव्हतं. मी पत्रकातली पृथ्वीची आकृती पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात पृथ्वीचा आस तिरपा होता. मी कांदा सरळ धरला होता. या वेळी शेंडा दिव्यापासून लांब झुकेल असा तिरपा धरला, फिरवला. वरची अख्खी टोपी अंधारातच राहिली. शेजारच्या खाटेवरच्या गड्याचं पंचांग मी एरवी हातात धरत नसे. त्यावरून कळलं की गुरू बारा वर्षांनी पुन्हा त्याच राशीच्या आसपास येतो. म्हणजे चाचांनी तिकडे पाहिला तेव्हाही तो यंदासारखाच आकाशात उत्तरेकडे झुकलेला होता. पार उत्तरेला असा ग्रह ध्रुवताऱ्याभोवती फिरत क्षितिजाच्या वरच राहतो, तिथे तो बुडणार कसा?

चाचांना स्वयंपाकघरात एकटं गाठून मी सगळं कबूल केलं. त्यांनी भाकरी उलटली.

"हसलास सगळ्यांसमोर, आणि माफी चुलीपाशी?"

शुक्रवारी मेस भरते, तेव्हा सर्वांसमोर बोलतो, असं मी म्हणालो. दोन शुक्रवार गेले. हक्कांवर तासभर बोलणारा मी, पण मला चार वाक्यं जमली नाहीत. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत चाचा नोकरी संपवून कायमचे घरी निघून गेले होते. मेसमध्ये त्यांचं ते नाव अजून चालतं.

म्हणून हे लिहितो आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही, ऐकता येतं. तुमच्यापैकी कोणी रत्नागिरीच्या खाडीकाठी राहत असेल, तर हा मजकूर बंदरावर, चहाच्या दुकानात, चार माणसं जमतील तिथं मोठ्यानं वाचून दाखवा.