आईचा ठिपका

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते आणि संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे. जोडाक्षरं मी 'हक्क' आणि 'संघर्ष' वाचून शिकले. त्यामुळे आईच्या फोनमध्ये ते ॲप आलं, तेव्हा त्याच्याशी भांडायला माझ्याकडे शब्द तयार होते.

आई आशा सेविका आहे. बेसा भागातल्या एका आरोग्य केंद्राखाली ती घरोघरी फिरते, गरोदर बायका आणि तान्ही बाळं बघते. ॲप तुमच्या मदतीसाठी आहे, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यातले बाळंतिणीच्या काळजीचे व्हिडिओ चांगले होते; भाजी निवडताना आई ते लावून ठेवायची. पण त्याच ॲपमध्ये एक नकाशा होता आणि नकाशावर प्रत्येक आशेचा एक ठिपका. ठिपका फिरत राहिला की हिरवा, एका जागी फार वेळ थांबला की लाल. सोमवारच्या बैठकीत लाल ठिपके भिंतीवर मोठे करून दाखवायचे.

आईचा ठिपका कायम लाल. कारण आई बसते. पहिलटकरणीला बाळ पाजायला जमत नसेल, तर जमेपर्यंत बसते. नकाशाच्या हिशेबी तो वेळ वाया गेलेला. भिंतीवर असं दिसणं सहन न होऊन एकीने काम सोडलं. "धुणीभांडी केलेली बरी," ती जाताना म्हणाली, "भांडे तरी मागं मागं नाई फिरत."

उरलेल्यांनी त्यावर काढलेला मार्ग म्हणजे फेरी. आईसह चौघींच्या वस्त्या एकमेकींना लागून होत्या. चौघींचे फोन एकीने घ्यायचे आणि सगळ्या वस्त्यांतून फिरवून आणायचे. बाकीच्यांनी तोवर निवांत बसून खरं काम करायचं. चार ठिपके एकाच वाटेने कसे जातात, हे कोणी विचारलं नाही. वरचे लोक रंग बघत होते.

माझ्याकडे स्कूटी आणि सकाळ मोकळी, म्हणून बरेचदा फेरी माझ्याकडे यायची. मला ती फार आवडायची. बाबांच्या एकाही पत्रकात नसलेला संप मी डिकीत घालून फिरवत होते.

तो मे महिना होता. सकाळी आईने फोन माझ्या हातात दिला. "आज मले एका बाईपाशी बसा लागते. पाय लय सुजले तिचे." मी तोंडाला दुपट्टा बांधत होते. कोणती बाई, कुठली, विचारलं नाही.

मनीषनगरपासून बेशापर्यंत सगळ्या गल्ल्या करून मी आरोग्य केंद्रावर आले. तिघी आपापले फोन घ्यायला आल्या. आई आली नाही.

"तुई माय कोनाच्या घरी वरणभात जेवून राहिली असंन," तिघींतल्या उमरेडच्या काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर उमरेडच्या विणकरांमधलं, म्हणून सगळ्या त्यांना तसंच म्हणतात. आम्ही हसलो.

मग बराच वेळ गेला; फोन हातात घेऊन मी आवारात येरझारा घालत राहिले. रस्ता ओस पडला, झळा यायला लागल्या. मी आईचा फोन उघडला, तर एका अनोळखी नंबरवरून कितीतरी कॉल येऊन गेलेले. डिकीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी उलटा लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी लावतच राहिले.

आईचं काम बघणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. "काय झालं? कोणाला शोधून राहिल्या?"

"आईला," मी म्हणाले.

त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. "अगं, इथंच तर आहे. आणि हिरवी आहे आज. बघ."

मी बघितलं. नकाशावर आरोग्य केंद्र होतं, समोरचं आवार होतं, आणि मी जिथे उभी होते नेमक्या तिथे माझ्या आईचा ठिपका होता. हिरवागार. आजवर इतकी भीती मला कशाची वाटली नव्हती. आई हरवली आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि तशी सोय आम्हीच करून ठेवली होती. खरं सांगितलं तर चौघींचं काम जाणार.

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, गप्प राहा म्हणत आहेत. पण त्याच बोलल्या.

"मॅडम, तो फोन आहे. बाई नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचे चौघींचे फोन हे पोरगी फिरवते. काढाचं त मंग काढा आमाले. आधी तिले शोधा."

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "सकाळी काय बोलली ती?"

सुजलेले पाय, एवढंच मला सांगता आलं. ते ऐकून काकूंना आठवलं. बांधकाम सुरू असलेल्या नव्या फ्लॅट स्कीमच्या मागे मजुरांच्या टिनाच्या खोल्या आहेत, तिथल्या एका छत्तीसगडच्या बाईचं नाव आई दोन दिवसांपासून काढत होती. नकाशावर त्या जागी नुसता रिकामा प्लॉट होता.

मी काकूंना मागे बसवून निघाले. मॅडम त्यांच्या गाडीने मागोमाग. स्कीमच्या गेटवर चौकीदार म्हणाला, "आशा दीदी? सुबह अंदर गई थीं. निकलते तो नहीं देखा."

आत मिक्सर सुरू होता. खडी आणि सिमेंट घुसळल्याचा तो आवाज इतका, की मी "आई" म्हणून ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. मी एकेक टिनाचं दार ढकलत गेले. हाताला चटके बसत होते. प्रत्येक दारामागे अंधार, अंथरूण, भांडी. दर वेळी दार उघडण्याआधी मला ती खाली पडलेली दिसायची.

शेवटच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती. त्या बाईला तिने कुशीवर वळवून धरलं होतं, एक हात पाठीशी, एक हात डोक्याखाली. बाईचे डोळे अर्धवट उघडे होते. आईने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. आवाज फुटत नव्हता, फक्त ओठ हलले.

"फोन."

तिने एका हाताने ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला, पण पत्ता सांगायला घशातून शब्द निघेना. तो मॅडमनी सांगितला.

झालं होतं ते असं. बाईचं बीपी चढलेलं बघून आईने तिच्या नवऱ्याला गाडी आणायला पाठवलं. तो गेल्यावर तिला झटके सुरू झाले. गाडी मिळत नाही म्हणून नवरा बिचारा आईला फोन करत राहिला, त्याची बॅटरी संपेपर्यंत. आईला बाईला सोडून उठता येईना. "ओरडली मी, लय ओरडली," आई नंतर म्हणाली. "त्या मशीनीत कोनाले आयकू येते?"

बाई वाचली. बाळ अगदी बारकं झालं, पण तेही वाचलं.

काम कोणाचंच गेलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ठिपके लाल येतील, मी ते बदलू शकत नाही. पण फोन स्वतःजवळ ठेवा." पुढच्या सोमवारी चौघीही भिंतीवर लाल होत्या. काकू सोडून जायचं बोलू लागल्या आहेत. माणसांच्या मदतीसाठी म्हणून आणलेलं यंत्र माणसांना हाकलत आहे, यावर मी पत्रक लिहायला बसले. ते छापलं, वाटलंही. त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे.

पण त्याच आठवड्यात मी आईला तिच्या फोनवरून मला रोज लोकेशन पाठवायला लावलं.

"काहून वं?" आई हसली. "तू बी मॅडम झाली का?"

आता दुपारी कामावर असताना मी तो ठिपका उघडते. तो बहुतेक वेळा थांबलेला असतो. आई कोणापाशी तरी बसली असेल, हे मला कळतं. तरी मी त्याच्याकडे बघत मनात म्हणत राहते, हल. जरासा हल.