मिठाचा दगड

आमच्या आत्याचा दर रविवारी वरवंडहून फोन यायचा. ख्यालीखुशाली राहायची बाजूला, पहिला प्रश्न ठरलेला, "माझ्या आईचा दगूड घावला का?"

आत्या ऐंशीच्या घरातली. तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा ही पाच वर्षांची. त्या काळी आमची माणसं मेंढरं राखायची आणि आमच्यात पुरायची रीत होती. तळेगाव ढमढेऱ्याजवळ आमच्या रानाच्या कडेला घराण्यातली सगळी थडगी. प्रत्येकावर एक दगड, नाव कुणाचंच नाही. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, जाळायची रीत आली आणि त्या तुकड्यात वेड्या बाभळी माजल्या. आत्याचं म्हणणं एवढंच, की गुडघे चालतायत तोवर आईपुढं एक नारळ फोडायचा.

मी कंपनीत सुपरवायझर. एखादं काम अंगावर घेतलं की कुणाचं ऐकत नाही. जेसीबी सांगितला, तर आत्या फोनवरच कडाडली, "वाडवडलांची हाडं कालवतोस व्हय रं?" मग मी आणि चुलतभावानं चार सुट्ट्या घालवून कोयत्यानं बाभळी तोडल्या. काट्यांनी हातांची चाळण झाली. आमच्या कंपनीत 'फाइव्ह एस' नावाची शिस्त आहे : नको ते आधी बाहेर काढायचं. ती मी सगळ्यांना शिकवतो, मग पूर्वजांना कसा सोडीन? उभे दगड दहा निघाले. कडुनिंबाखाली एक आडवा दगड होता, मधोमध खोलगट झालेला. जनावरांना पाणी पाजायची कुठली तरी फुटकी डोण असेल म्हणून मी तो उखडून बांधावर ढकलला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. भरपूर अंगठे आले.

गवत तेवढं राहिलं होतं. दिवाळीनंतर शेजारच्या रानात एका मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरला. मी म्हटलं, "मामा, जरा आमच्या पूर्वजांत मेंढरं चारता का?" तो हसला. "चारतो की. आपलीच माणसं हायती ती."

त्याच दिवशी मी आणि चुलतभाऊ आत्याला घेऊन आलो. तिनं दहाही दगडांवरून हात फिरवला आणि प्रत्येकापाशी मान हलवली. "ह्यातला न्हाई." ती कडुनिंबाखाली, आम्ही सोबत आणलेल्या खुर्चीत जाऊन बसली. इतका खटाटोप करून म्हातारीला रिकाम्या हातानं परत न्यायचं, या विचारानं माझा जीव कानकोंडा झाला.

तेवढ्यात मेंढपाळानं पिशवीतून खडेमीठ काढलं. इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ बांधावरच्या त्या खोलगट दगडात ओतलं. मेंढरांनी गर्दी केली, खरखर जिभा चालू झाल्या. आणि आत्या काठी न घेताच उठली.

"आरं, ह्योच! ह्याच्यावरच आम्ही मीठ घालायचो! आई माझ्या मुठीत मीठ द्यायची आन् म्हणायची, ह्ये काम तुझं. ती गेली तवा हाच तिच्यावर ठेवला." मग माझ्याकडं वळून, "हितं बांधावर कुणी आणला?"

चुलतभावानं तत्परतेनं सांगितलं, "फाइव्ह एसनं." आत्यानं मला अशा काही शिव्या घातल्या, की मेंढपाळ पोट धरून हसला. शेवटी तीही हसली, आणि हसता हसता रडली. माझेही डोळे भरून आले, नाही कसं म्हणू!

कडुनिंबाखाली दगड उखडल्याचा खड्डा तसाच होता. मी, चुलतभाऊ आणि मेंढपाळ, तिघांनी मिळून दगड परत बसवला. आत्यानं नारळ फोडला, मेंढपाळाकडून मूठभर मीठ मागून घेतलं आणि दगडाच्या खळगीत घातलं. एक कोकरू पुढं आलं. त्याला तिनं हाकललं नाही.

थडग्यांवर बसवायला सांगून ठेवलेल्या ग्रॅनाइटच्या पाट्या मी रद्द केल्या. कडुनिंबाच्या बेचक्यात मिठाचा एक डबा ठेवला आहे. कुठलाही कळप तिकडून गेला, की मेंढपाळानं त्यातलं मीठ दगडावर घालायचं, असं ठरलंय. आत्याचा फोन अजून दर रविवारी येतो. आता ती एवढंच विचारते, "मीठ हाय का रं डब्यात?"