शेंदराखालची अक्षरं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गवारीच्या शेंगा मोडायचं. माझी बायको शांता शेंगा कमी मोडत होती, बोलत जास्त होती. दुसऱ्या दिवशी कोंढ्याकडच्या तिच्या माहेरी, तलावाच्या पाळीवरल्या देवाचा जुना शेंदूर निघणार होता, अन् खाली दगडावर कोरलेली अक्षरं उघडी पडणार होती. "पाहा तुम्ही, उद्या जुन्या काळचा माणूस आपल्यासंग बोलते!" जेवली, जरा आंग टाकते म्हणाली... अन् उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत वैनगंगेच्या काठी तिला आगही देऊन झाली.

मी चौथी शिकलेला माणूस. मॅडमनं लिहा म्हटलं, म्हणून लिहितो. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. जुने शिलालेख, मोडी कागद वाचणाऱ्यांचं मंडळ त्यांनी जमवलं, अन् अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर शांता त्यात शिरली. सोबत मेश्राम, रिटायर पोस्टमन. दर रविवारी आमच्या छपरीत बैठक. एका अक्षरावरून असे भांडायचे की शेजारचे इचारत, "वाटणी होऊन राहिली काय?" शांता म्हणे 'म', मेश्राम म्हणत 'स', अन् मॅडम दोघांना गप्प करता करता स्वतःच ओरडत. अक्षर लागलं की शांता "जोरानं वाचा मॅडम!" म्हणे, अन् पोरीसारखी टाळ्या पिटे. मला त्यातलं काही समजत नव्हतं, पण चहा उतू जाईपर्यंत मीही दारात उभा राहून पाहत असे. पोरं बाहेर गेल्यापासून घर असं गाजलं नव्हतं.

त्या देवावरल्या अक्षरांचा कागदावर ठसा घेता यावा म्हणून तिनं पुजारी कवडूचा लय पिच्छा पुरवला. गावाची रीत अशी की शेंदराचा थर फुगून सुटू लागला की एका सकाळी काढायचा, अन् त्याच दिवशी नवा चढवायचा. मग वर्षानुवर्षं कोणी खरवडत नाही. कवडू म्हणे, "देवाले उघडा करून कागद चिपकवता? लाज नाही वाटत काय शांताबाई?"

"तुह्या देवाच्या आंगावर काय लिवलं आहे, तुले तरी मालूम आहे काय रे? नुसता पाणी घालून राहिला!"

कवडू हसला, अन् तिथंच हरला. नवा शेंदूर चढेपर्यंतची सकाळ त्यानं मंडळाला दिली.

शांताला आग दिल्यावर घाटावर मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, उद्याचं राहू द्या. आमच्यानं होणार नाही."

"काहून?" मी म्हटलं. "ती गेली, दगड तर आहे ना! उद्या शेंदूर चढला की पुढच्या खेपेले मी नसीन, तुम्हीबी नसान."

"पण तुमाले सुतक..." मेश्राम बोलले.

"सुतक मले आहे. तुमच्या कागदाले नाही."

आग द्यायला आलेला पोरगा म्हणाला, लोक काय म्हणतील? म्हटलं, म्हणू दे.

सकाळी गेलो. देवाला शिवायचं नाही म्हणून लांब उभा राहिलो. कवडूनं थर सोडवला, ढेपळंच्या ढेपळं पडली, अन् खाली ओळीच्या ओळी! मेश्राम तर नाचलेच. दगड धुतला, ओला कागद चिकटवला, तो अक्षरांत बसावा म्हणून ब्रशानं ठोकू लागले. तेवढ्यात तलावावरून वारा सुटला. कागदाची एक बाजू फडफडली. तो फाटला असता तर दुसरा लावायला सवड नव्हती, शेंदूर कालवून माणसं उभीच होती. मला हात लावता येत नव्हता. मी आंगावरची चादर काढली, वाऱ्याच्या तोंडाला गेलो अन् दोन्ही हात पसरून आडवी धरली. कवडूनं पाहिलं, अन् शेंदूरवाल्यांना हातानंच थांबा म्हटलं. हात भरून आले, तरी धरून राहिलो. मॅडमनं शाई लावलेली कापडाची पुरचुंडी फिरवली. कागद काळा होत गेला, अन् अक्षरं पांढरी उठू लागली...

मॅडमच्या तोंडून पहिला शब्द हळूच निघाला, "स्वस्ति..."

"जोरानं वाचा मॅडम!" मी चादरीआडून ओरडलो. "मले कमी आयकू येते."

माझे कान चांगले आहेत.