झ्वोलेचं कुरण आणि आईचं तिकीट

आईचं तिकीट काढून झालं होतं आणि मला ते रद्द करायचं होतं. आदल्या वर्षी ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, फेल्डहोवन या डच गावी आली आणि कोरोनामुळे अडकली. बाबा नाशिकला एकटे. आता विमानं मिळत होती, पण तिकडे दुसरी लाट उसळली होती. घरात सारखा तोच विषय, म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी गाडी काढली आणि आम्ही दोघी झ्वोलेला, तिथलं रानफुलांचं कुरण बघायला निघालो.

सरळ हायवे, टोल नाही. हॉटेलं फक्त पार्सल देत होती, त्यामुळे डबा न्याच. आम्ही गाडीतच धपाटे खाल्ले. पंपावरची कॉफी महाग आणि पाणचट. बांधावर चिखल असतो, बूट घाला. आई मोज्यांवर चपला घालून आली होती.

नदीकाठच्या ओल्या कुरणात जांभळी, चौकडीची, मान खाली घातलेली फुलं होती. त्यांचं डच नाव कीफिट्सब्लूम. आईचा हात लगेच पुढे गेला. सकाळी फिरायला जाताना लोकांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी तोडायची तिची जुनी सवय.

"प्लीज, नको," दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या एक डच आजी लांबूनच इंग्रजीत म्हणाल्या. "बी पडल्यापासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात. फार थोड्या जागी उरलंय हे."

मी अर्थ सांगताच आईने हात मागे घेतला आणि फुलाला नमस्कार केला.

मग आजींनी ख्रुटो दाखवला. लांब चोच, विटकरी मान, अखंड आरडाओरडा. हा पक्षी आफ्रिकेतून इथे अंडी घालायला येतो आणि तोही कमी होत चाललाय. दोघांचं दुखणं एकच: गवत लवकर कापलं की फुलाचं बी पडत नाही आणि पिल्लांना लपायला जागा राहत नाही. तरी मला पक्षीच सुखी वाटला.

"त्याला पंख आहेत. दुसरीकडे जाईल," मी म्हणाले.

"सहसा नाही जात. कुरण बिघडलं तरी तिथेच परततो."

मी ते आईला मराठीत सांगितलं आणि वर म्हटलं, "वेडाच आहे."

"वेडा कशाने? घर आहे त्याचं," आई म्हणाली.

परतताना मला राग आला होता, तिचा आणि त्या ख्रुटोचाही. घरी येऊन तिकीट रद्द करायला लॅपटॉप उघडला, तेवढ्यात आईने मागून विचारलं, "बाबांना कळवू ना, येतेय म्हणून?" मला भीती वाटत होती, पण मी लॅपटॉप मिटला.

ती सुखरूप पोचली. लगेचच तिकडून येणारी विमानं बंद झाली. क्वारंटाइन संपल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा हातात जास्वंदीने भरलेली पिशवी होती.

"तोडलीस ना परत?"

"ही रोज येतात गं," आई म्हणाली. "तू कधी येतेस?"